नोंद : ॲमस्टरडॅम, 1933 ते 1943

नेदरलँड्समध्ये चार महिन्यांहून अधिक काळ राहण्यासाठी येणाऱ्या परदेशी माणसाला पोहोचल्यापासून पाच दिवसांच्या आत नगरपालिकेत आपली नोंद करावी लागते. पासपोर्ट, जन्मदाखला आणि घराचा भाडेकरार घेऊन तो खिडकीपाशी उभा राहतो. 2007 पासून या नोंदीबरोबर नागरिक-सेवा क्रमांक मिळतो, आणि पगार, विमा, करभरणा सारे त्या क्रमांकाला बांधलेले असते. आइंडहोव्हन आणि ॲमस्टलफेन येथे नोकरीसाठी गेलेली मराठी कुटुंबे या खिडकीवरून गेलेली आहेत. तिथे आपल्या नावांची जरा गंमतच होते. वडिलांचे नाव हे आपले मधले नाव. डच कारकुनाच्या लेखी मात्र ते मुलाचेच दुसरे नाव ठरते. विवाहित स्त्रीच्या पासपोर्टावर सासरचे नाव, जन्मदाखल्यावर माहेरचे. आणि डच नोंदवही तर जन्मनावच प्रमाण मानते. माझ्या भाचीला या खिडकीपाशी, लग्नानंतर अकरा वर्षांनी, तिचे माहेरचे आडनाव परत मिळाले. त्याचे तिला आधी हसू आले, मग बरे वाटले.

या निरुपद्रवी दिसणाऱ्या खिडकीमागचा इतिहास मात्र फारसा सांगितला जात नाही.

जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंद हॉलंडमध्ये 1811 साली, नेपोलियनच्या अमलात सुरू झाली. 1850 पासून प्रत्येक नगरपालिकेत लोकसंख्येची कायम नोंदवही आली. जनगणना आणि अशी नोंदवही यांतील भेद लक्षात घ्यायला हवा. जनगणना दहा वर्षांनी एकदा काढलेले छायाचित्र असते; त्यात माणूस संख्येत विरघळून जातो. नोंदवहीत तो विरघळत नाही. तो घर बदलतो, लग्न करतो, गाव सोडतो, आणि दर वेळी वही त्याच्या मागोमाग चालते. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात वहीच्या जागी प्रत्येक माणसाचे स्वतंत्र कार्ड आले. गाव बदलले की कार्डही नव्या गावी रवाना होई. या कार्डावर नाव, जन्मतारीख, व्यवसाय आणि पत्ता यांच्या जोडीला धर्मपंथाचाही रकाना होता. तो कोणी दुष्ट हेतूने आखला नव्हता. ज्या समाजात शाळा, वृत्तपत्रे आणि कामगार संघटनासुद्धा पंथानुसार विभागलेल्या होत्या, तिथे हा रकाना पत्त्याइतकाच स्वाभाविक वाटत असे.

1933 साली फ्रँकफुर्टहून ओटो फ्रँक ॲमस्टरडॅमला आले. वर्षाअखेरीस पत्नी आणि थोरली मुलगी आली, फेब्रुवारी 1934 मध्ये धाकटी. मेरवेडेप्लाइनवरील नव्या वसाहतीत त्यांनी घर घेतले आणि रीतीप्रमाणे त्यांची नोंद झाली. धाकटीचे नाव ॲन. तिची रोजनिशी आपल्याकडे अभ्यासक्रमातून, अनुवादांतून घरोघर पोहोचली आहे. वर्गात ती शिकवताना आपण लपण्याच्या जागेविषयी बोलतो, फिरत्या कपाटाविषयी बोलतो; पण त्या कुटुंबाचा पत्ता सरकारदरबारी ठाऊक कसा होता, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. तो ठाऊक होता, कारण परक्या देशात आसरा मागणाऱ्या कोणाही सरळमार्गी माणसाप्रमाणे त्यांनी तो स्वतः कळवला होता. निर्वासिताला नोंद हवी असते. जर्मनीने त्यांना नको म्हटले होते. या कार्डाने ते कुठेतरी आहेत असे मान्य केले होते.

मे 1940 मध्ये जर्मन सैन्याने हॉलंड व्यापले. त्यांना नोंदणीची नवी यंत्रणा उभारावी लागली नाही. राष्ट्रीय निरीक्षणालयाचे प्रमुख याकोब लेन्ट्स हे आपल्या कामावर निरतिशय प्रेम करणारे अधिकारी होते. नक्कल करणे अत्यंत कठीण जाईल असे ओळखपत्र त्यांनी तयार केले आणि 1941 पासून ते सर्वत्र लागू झाले. जानेवारी 1941 मध्ये ज्यूंनी स्वतंत्र नोंद करावी असा हुकूम निघाला. सुमारे 1,60,000 लोकांनी अर्ज भरले. त्यासाठी प्रत्येकी एक गिल्डर शुल्क त्यांनीच मोजले. त्याच वर्षी ॲमस्टरडॅमच्या पालिकेत शहराचा एक नकाशा तयार झाला. त्यावरील प्रत्येक ठिपका म्हणजे दहा ज्यू. नकाशा सुबक आहे, आणि त्याकडे पाहवत नाही. नोव्हेंबर 1941 मध्ये परदेशी राहणाऱ्या जर्मन ज्यूंचे नागरिकत्व रद्द झाले आणि फ्रँक कुटुंब कुठल्याच देशाचे उरले नाही. पत्ता मात्र कायम होता.

हॉलंडमधील सुमारे 1,40,000 ज्यूंपैकी 1,02,000 हून अधिक मारले गेले, म्हणजे जवळजवळ 75 टक्के. शेजारच्या बेल्जियममध्ये हे प्रमाण 40 टक्क्यांच्या, तर फ्रान्समध्ये 25 टक्क्यांच्या आसपास होते. या फरकाचे सारे माप कार्डांच्या पदरात टाकणे अन्यायाचे होईल. सपाट, दाट वस्तीचा देश, लपायला डोंगर-जंगल नाही, वर लष्कराऐवजी नाझी पक्षातल्या कट्टर मुलकी अधिकाऱ्यांचा अंमल, आणि आज्ञापालनाची सवय जडलेली नोकरशाही, ही कारणेही इतिहासकार देतात. पण कार्डांमुळे शोधाशोधीची गरजच राहिली नाही, हे खरे.

आता या कथेत शिल्पकार येतात, चित्रकार येतात. मूर्तिकार खेरिट फान डेर फेन यांनी बनावट ओळखपत्रांचा गुप्त कारखाना चालवला. तेथून सुमारे 80,000 ओळखपत्रे बाहेर पडली. परंतु नक्कल कितीही हुबेहूब असली तरी मूळ कार्डाशी ताडून पाहिली की तिचे बिंग फुटे. म्हणून मूळ कार्डेच नष्ट करायचे ठरले. कटात चित्रकार आणि कादंबरीकार विलेम अरोंदेउस होते, इतिहासकार योहान ब्राउवर होते, चेलोवादक फ्रीडा बेलिनफान्ते होत्या, एक वास्तुरचनाकार होता, पोलिसी गणवेश बेतून देणारा शिंपी होता. ज्यांनी आयुष्यभर कागद, रंग आणि स्वर यांवर प्रेम केले, त्यांचा हा कट. 27 मार्च 1943 च्या रात्री पोलिसांच्या वेशात ते प्लान्टाज केर्कलानवरील नोंदणी कार्यालयात शिरले. पहारेकऱ्यांना गुंगीचे इंजेक्शन देऊन शेजारच्या प्राणिसंग्रहालयाच्या बागेत निजवले, कार्डांचे खण उपसले, स्फोट घडवून आग लावली. अग्निशामक दलातील सहानुभूतीदार उशिरा पोहोचले, आणि पोहोचल्यावर कार्डे निकामी व्हावीत म्हणून गरजेपेक्षा जास्त पाणी मारत राहिले. एवढे करूनही सुमारे 8,00,000 कार्डांपैकी 15 टक्क्यांच्या आसपासच नष्ट झाली. घट्ट रचून ठेवलेला कागद सहजी जळत नाही. 1 जुलै 1943 रोजी ओव्हरवेनजवळच्या वाळूच्या टेकड्यांत बाराजणांना गोळ्या घालण्यात आल्या. अरोंदेउस आणि ब्राउवर त्यांत होते. आपण समलिंगी आहोत आणि समलिंगी माणसे भेकड नसतात, हे लोकांना कळू द्या, असा निरोप अरोंदेउस यांनी जाण्यापूर्वी ठेवला.

पुढे एप्रिल 1944 मध्ये हेगमधील मध्यवर्ती दप्तर ब्रिटिश विमानांनी बाँब टाकून उद्ध्वस्त केले. त्यात तिथे काम करणारे सुमारे साठ डच कर्मचारी मेले. टेबलापाशी बसलेली माणसे.

मराठी वाचकाला, विशेषतः इतिहासाच्या वाचकाला, हे पचवणे जड जाते. राजवाड्यांनी वाड्यांच्या माळ्यांवरून, वाण्यांच्या रद्दीतून कागद वेचले. 1898 पासून त्यांचे खंड निघू लागले. 5 जानेवारी 2004 रोजी पुण्यात भांडारकर संस्थेची मोडतोड झाली तेव्हा आपल्यापैकी अनेकांना स्वतःच्या घरात कोणी शिरल्यासारखे वाटले. दप्तर जाळणारा तो रानटी, हा आपला संस्कार. अरोंदेउस तर संग्रहांत बसून चित्रकार मातेइस मारिसचे चरित्र लिहिणारे गृहस्थ. जिवंत माणसाविषयीचा कागद आणि गेलेल्या माणसाविषयीचा कागद या दोन वेगळ्या जाती आहेत, असे मला वाटते. पहिला वाचवताना माणूस दगावू शकतो. मात्र दुसरा पहिल्यापासूनच बनतो, ही अडचण उरतेच. सप्टेंबर 2021 मध्ये ॲमस्टरडॅमला उभारलेल्या स्मारकाच्या विटांवर 1,02,000 हून अधिक नावे आहेत. प्रत्येकापुढे जन्मतारीख आणि मृत्यूसमयीचे वय. असे तपशील कोणीतरी, कुठल्यातरी खिडकीमागे बसून, कधीतरी नीटनेटके लिहिलेले असावे लागतात.

लेन्ट्स यांना युद्धानंतर तीन वर्षांची शिक्षा झाली. कार्डपद्धती 1994 पर्यंत चालली, मग संगणक आला. आज नव्या रहिवाशाला त्या खिडकीपाशी धर्म विचारला जात नाही. पूर्वसूचना न देता पत्त्यावरून नाहीशा झालेल्या माणसापुढे मात्र अजूनही तीच तीन डच आद्याक्षरे लागतात, जी तेव्हा लपून बसलेल्यांच्या कार्डांवर लागली. त्यांचा अर्थ, 'गेला. कुठे ते अज्ञात'.

ओटो फ्रँक आउश्वित्झहून 3 जून 1945 रोजी ॲमस्टरडॅमला पोहोचले. कुटुंबातले ते एकटेच उरले होते, आणि कागदोपत्री अजूनही कुठल्याच देशाचे नव्हते. डच नागरिकत्व त्यांना 1949 साली मिळाले.