कवितेत उरलेला डोंगर

आमच्या मंडळाच्या अतिथी व्याख्यानासाठी ‘ब्राझीलच्या कवितेतील निसर्ग’ हा विषय जाहीर झाला, तेव्हा घनदाट अरण्ये आणि रंगीबेरंगी पक्षी यांपलीकडे काही कानी पडेल असे आम्हांस वाटले नव्हते. प्रत्यक्षात घरी परतताना मनात घोळत राहिला तो एक नाहीसा झालेला डोंगर.

ब्राझील १८२२ साली पोर्तुगालपासून स्वतंत्र झाला. पण भाषा जेत्यांचीच राहिली आणि पहिला सम्राटही पोर्तुगीज राजघराण्यातलाच होता. मग आपले म्हणावे असे काय उरले? उरली ती भूमी. १८४३ साली पोर्तुगालमधील कुइंब्रा येथे शिकणाऱ्या गोन्साल्विस दियस या एकोणीस वर्षांच्या तरुणाने मायदेशाच्या आठवणीने एक गीत लिहिले. त्यात ताडाची झाडे आहेत आणि साबिया पक्ष्याचे कूजन आहे. त्यातील शब्द पुढे राष्ट्रगीतात आले. स्वतः कवी मात्र १८६४ मध्ये युरोपातून परतताना, मायभूमीचा किनारा जवळ आला असता, जहाज फुटून बुडाला.

शतकभरानंतर हा स्तुतीचा सूर पालटला. जुआंव काब्राल यांनी १९५० साली रेसिफे शहरातील नदी रंगविली ती चिखलाची आणि त्या चिखलात जगणाऱ्या दरिद्री माणसांची. कार्लोस द्रुमोंद (१९०२–१९८७) यांचा जन्म इताबिरा या लोहखनिजाच्या गावचा. तेथे १९४२ साली सरकारी खाण कंपनी स्थापन झाली आणि गावावर उभे असलेले कावे शिखर पोखरले जाऊन आगगाडीने बंदराकडे रवाना झाले. बालपणी रोज दिसणारा तो डोंगर द्रुमोंद यांनी उतारवयात कवितेत नोंदवून ठेवला. त्याच प्रांतात २०१५ साली मारियाना येथे आणि २०१९ साली ब्रुमाजिन्यु येथे खाणींच्या गाळाचे बांध फुटले. दुसऱ्या दुर्घटनेत २७० माणसे दगावली.

आम्ही गोव्याचे. येथेही पोर्तुगीज राजवट १९६१ पर्यंत होती, आणि येथलेही लोहखनिज नदीतून बार्जने बंदराला गेले. शासकीय सेवेत असताना डिचोली, सांगेचे डोंगर आम्ही पाहिले ते सर्व्हे क्रमांक आणि क्षेत्रफळ म्हणून. आमच्या टिपणांत हेक्टर बिनचूक असत. डोंगराचे नाव लिहिण्यास मात्र तक्त्यात रकानाच नव्हता, आणि तो असावा असे आम्हांसही कधी सुचले नाही.

तो रकाना इताबिराच्या कवीने भरला. आमच्या डोंगरांची नावे ज्यांना अजून ठाऊक आहेत, त्यांनी ती लिहून ठेवावीत, एवढीच विनंती.