घरफोडी
घरफोडी : दुसऱ्याच्या ताब्यातील राहते घर, प्रार्थनास्थळ अथवा मालमत्ता ठेवण्याची इमारत यांत सदोष उद्देशाने आणि कायद्याने विनिर्दिष्ट केलेल्या रीतीने प्रवेश करण्याचा अपराध. व्यवहारात घरफोडी व चोरी हे शब्द एकमेकांना जोडूनच वापरले जातात. कायद्याच्या दृष्टीने मात्र ते दोन स्वतंत्र अपराध आहेत. काहीही न चोरता घरफोडी पूर्ण होऊ शकते आणि उघड्या दारातून आत येऊन दागिने उचलून नेणारा चोर ठरला, तरी घरफोड्या ठरत नाही.

मातीच्या भिंतीला भगदाड पाडून आत शिरणे हा या अपराधाचा प्राचीन प्रकार. संस्कृत ग्रंथांत त्यास संधिच्छेद म्हटले आहे. रात्री संधी फोडून चोरी करणाऱ्यांचे हात तोडून त्यांना सुळावर द्यावे, असे मनुस्मृती सांगते. रात्रीची वेळ व फोडण्याची क्रिया ही दोन्ही अंगे या नियमात एकत्र आलेली आहेत, हे लक्षणीय होय. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील कंटकशोधन या अधिकरणात भगदाड, दार व गवाक्ष यांची पाहणी करून हे कृत्य आतल्या माणसाचे की बाहेरच्याचे, हे ठरविण्याच्या खुणा दिलेल्या आहेत. शूद्रकाच्या मृच्छकटिकातील शर्विलक चारुदत्ताच्या घराला कोणत्या आकाराचे भोक पाडावे, याचा शास्त्रोक्त विचार करतो व मापनासाठी यज्ञोपवीत वापरतो. गोविंद बल्लाळ देवलांच्या नाट्यरूपांतरामुळे हे पात्र मराठी प्रेक्षकांच्याही परिचयाचे झाले. मराठी अंमलात दख्खनच्या गावांतून चोराचा माग काढण्याची जबाबदारी जागल्या वा रामोशी यांच्यावर असे. माग शेजारच्या गावाच्या शिवेत शिरल्यास ती जबाबदारी त्या गावाकडे जाई, आणि माग न लागल्यास नुकसानभरपाई करून द्यावी लागे. चोर कोण, यापेक्षा झालेली हानी कोणी भरून द्यावी, याकडे या पद्धतीचा कल होता.

इंग्लंडच्या सामान्य विधीत या अपराधाची पाच अंगे मानली जात : फोडणे, आत शिरणे, दुसऱ्याचे निवासस्थान, रात्रीची वेळ आणि आत महापराध करण्याचा उद्देश. सतराव्या शतकात एडवर्ड कोक या विधिज्ञाने केलेली व्याख्या दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. शिक्षा देहान्ताची असल्याने प्रत्येक अंगाचा काटेकोर कीस काढला गेला. उघड्या खिडकीतून शिरणे हे फोडणे नव्हे. पण धुराड्यातून उतरणे मात्र फोडणेच, कारण धुराडे त्याच्या स्वरूपानुसार शक्य तितके बंदच असते. दिवसाच्या उजेडात माणसाचा चेहरा ओळखू येतो तोवर रात्र झाली नाही, अशी रात्रीची कसोटी होती. चांदण्याचा उजेड त्यासाठी जमेस धरीत नसत. एकोणिसाव्या शतकात कायद्याने रात्री ९ ते सकाळी ६ अशी वेळ ठरवून दिली. पुढे १९६८ च्या चौर्य अधिनियमाने फोडणे व रात्र ही दोन्ही अंगे वगळली. तेव्हापासून अतिक्रमी म्हणून इमारतीत शिरणे आणि ठराविक गुन्ह्यांचा उद्देश, किंवा शिरल्यानंतर चोरी अगर जबर दुखापत वा त्यांचा प्रयत्न, एवढ्यावर तेथे हा अपराध सिद्ध होतो.

भारतात १८६० च्या दंडसंहितेने (अंमल १८६२) निराळी वाट धरली. तीत एकच व्याख्या नसून पायऱ्यांची उतरंड आहे. पहिली पायरी फौजदारीपात्र अतिक्रमणाची. दुसऱ्याच्या ताब्यातील मालमत्तेत गुन्हा करण्याच्या किंवा ताबेदारास धाक घालण्याच्या, त्याचा अपमान करण्याच्या वा त्यास त्रास देण्याच्या उद्देशाने शिरणे, अथवा रीतसर शिरून अशा उद्देशाने तेथे बेकायदा राहणे, हे त्याचे स्वरूप. हेच कृत्य माणसांच्या निवासाची इमारत, तंबू वा जहाज, उपासनागृह किंवा मालमत्तेच्या अभिरक्षेची इमारत यांबाबत झाल्यास ते गृह-अतिक्रमण होते. शरीराचा कोणताही भाग आत घातला तरी प्रवेश पुरा होतो. घरमालकापासून लपून राहण्याची खबरदारी घेतली, तर ते चोरटे गृह-अतिक्रमण. सर्वांत वर घरफोडी.

घरफोडीच्या सहा रीती कलम ४४५ मध्ये सांगितल्या होत्या : अपराध्याने वा त्याच्या साथीदाराने स्वतः पाडलेली वाट, माणसाच्या येण्याजाण्यासाठी नसलेली वाट किंवा भिंतीवरून चढून जाणे, रहिवाशाला उघडणे अभिप्रेत नसलेल्या उपायाने उघडलेली वाट, कुलूप उघडणे, बळजोरी, हल्ला वा त्याची धमकी, आणि बंद केलेली आहे हे ठाऊक असताना उघडलेली वाट. संहितेतील दृष्टांत बोलके आहेत. दाराच्या भोकातून तार घालून कडी वर उचलणारा, हरवलेली किल्ली सापडल्यावर तिने दार उघडणारा, उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मालकाला पाडून आत घुसणारा, हे सर्व घरफोडे होत. म्हणजे ‘फोडणे’ हा शब्द येथे केवळ मोडतोडीच्या अर्थाने घेतलेला नाही. शिवाय गुन्हा करून याच रीतींनी बाहेर पडणे हीदेखील घरफोडीच ठरते. घराशी आतून थेट जोडलेला गोठा वा कोठार घराचाच भाग गणला जातो.

या साऱ्या इमारतीचा पाया उद्देश हाच आहे. माथ्री वि. पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने (१९६४) असे स्पष्ट केले, की आपल्या कृत्याने ताबेदाराला त्रास होईल एवढी जाणीव असणे पुरेसे नाही. त्रास देणे हा प्रवेशाचा हेतू असला पाहिजे. जागेच्या ताब्यावरून होणाऱ्या दिवाणी तंट्यांना फौजदारी रूप देण्याची प्रवृत्ती पाहता या भेदाचे महत्त्व मोठे आहे.

सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी केलेल्या घरफोडीस अधिक शिक्षा होते. चोरीच्या उद्देशाने दिवसा केलेल्या घरफोडीस १० वर्षांपर्यंत, तर रात्री केलेल्या घरफोडीस १४ वर्षांपर्यंत कारावास सांगितलेला होता. घरफोडी करताना जबर दुखापत केल्यास जन्मठेपेपर्यंत. कुटुंब आठवडाभर परगावी असताना कुलूप तुटले, तर ते दिवसा तुटले की रात्री, हे बहुधा कोणालाच सांगता येत नाही. संशयाचा फायदा अर्थातच आरोपीकडे जातो. रात्रीच्या घरफोडीविरुद्ध खाजगी बचावाचा हक्क प्रसंगी मृत्यू घडवून आणण्यापर्यंत पोहोचतो. मात्र बचावासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करता येत नाही आणि अतिक्रमण संपले, की हा हक्कही संपतो.

१ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेने ही रचना मूलतः कायम ठेवली. विखुरलेल्या व्याख्या व शिक्षा मात्र कलम ३२९ ते ३३४ यांत एकत्र आणल्या.

पुराव्याचा प्रश्न अधिक नाजूक आहे. चोरीनंतर लवकरच माल ज्याच्याकडे सापडला, तो चोर वा चोरीचा माल घेणारा असे अनुमान न्यायालय करू शकते. पण घरात शिरणाराही तोच, असा निष्कर्ष त्यातून आपोआप निघत नाही. पूर्वापराध व संशयास्पद वास्तव्य या चोर ओळखण्याच्या खुणा याज्ञवल्क्यस्मृतीतही आहेत. ब्रिटिश अमदानीत या विचाराला १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने भयानक रूप दिले : संपूर्ण समाज जन्मतःच गुन्हेगार ठरले, त्यांना हजेरी लावावी लागे आणि सोलापूरसारख्या ठिकाणी त्यांच्या वसाहती उभारण्यात आल्या. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. तथापि १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमात (हल्लीचा महाराष्ट्र पोलीस अधिनियम) सूर्यास्त ते सूर्योदय या काळात घरफोडीचे साधन कायदेशीर सबबीवाचून बाळगणे, तसेच चोर म्हणून लौकिक असलेल्याने रेंगाळणे, ही कृत्ये दंडनीय ठरविलेली आहेत. पहार किंवा पाना हे गवंड्याचे व कारागिराचेही हत्यार असल्याने सबब पुरेशी आहे की नाही, हे प्रत्येक प्रकरणी परिस्थितीवरूनच ठरवावे लागते.