हाडाची परांची

सिहोऱ्याहून कटनीकडे जाणाऱ्या सडकेवर स्लीमनाबाद लागते. ठगांचा बंदोबस्त करणारे विल्यम स्लीमन यांचे नाव या गावाने जपले आहे. याच स्लीमनांना 1828 साली जबलपूरच्या बारा सिमला टेकडीपाशी काही अजस्र हाडे मिळाली. ती दगड झालेली होती. 1877 साली लिडेकर यांनी त्या प्राण्याला ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ असे नाव दिले. ठगांच्या कथा घरोघर गेल्या, हा शोध मात्र भूशास्त्रज्ञांपुरताच राहिला.

हाडाचा असा दगड होतो, कारण हाड भरीव नसते. त्याची आतली वीण सच्छिद्र असते. गाडल्या गेलेल्या हाडाच्या छिद्रांत पाण्याबरोबर खनिजे शिरतात आणि एके काळची जिवंत घडण कायमची थिजते. शल्यवैद्यांना हवी होती ती नेमकी उलट क्रिया : खनिजाच्या सच्छिद्र साच्यात जीव शिरावा.

मोडलेले हाड आपले आपण सांधते, हे हाडवैद्यांनाही पूर्वापार ठाऊक होते. परंतु क्षयाने किंवा अपघाताने हाडाचा मोठा तुकडाच नाहीसा झाला, तर नव्या पेशींना पलीकडच्या टोकापर्यंत पोहोचण्यास आधार उरत नाही. गवंडी भिंत चढविताना परांची बांधतो आणि काम होताच उतरवितो; तशीच परांची येथे हवी. रुग्णाच्याच कमरेच्या हाडाचा तुकडा काढून बसविणे हा उत्तम उपाय खरा, पण तो तुकडा मोजकाच मिळतो आणि एक जखम भरण्यासाठी दुसरी करावी लागते.

1892 साली जर्मनीतील ड्रीसमन यांनी हाडातील पोकळ्या प्लॅस्टर ऑफ पॅरिसने भरून पाहिल्या. प्लॅस्टर विरघळे खरे, पण पुष्कळदा भिंत उभी राहण्याआधीच परांची कोसळे. 1920 साली अमेरिकेत ॲल्बी आणि मॉरिसन यांनी कॅल्शियम फॉस्फेट वापरले. हाडातील खनिजाचेच ते सगोत्र.

पुढचा टप्पा एका बसप्रवासात सुरू झाला. 1967 साली काचतज्ज्ञ लॅरी हेंच यांना व्हिएतनामहून परतलेल्या एका कर्नलने विचारले, की शरीर परके मानणार नाही असा पदार्थ तुम्हांला करता येईल काय? 1969 साली हेंच यांनी हाडाशी घट्ट जडणारी काच सिद्ध केली. मात्र काच ती काचच, ठिसूळ. शिवाय रक्तवाहिन्या आत शिरण्यास मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी तरी छिद्रे लागतात, आणि छिद्रे वाढविली की बळ घटते. या विद्येची खरी अडचण येथेच आहे.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत याच कामी रेशीम घेतले गेले. कोशाचा डिंक काढून उरलेल्या प्रथिनाची सच्छिद्र परांची बनते. पोकळी भरण्यास ती चालते. मांडीच्या हाडाचा भार पेलावयाचा झाला तर शल्यवैद्याला अजूनही धातूची सळई घालावी लागते.