ओळंबा कोणाच्या हाती?



गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका सखीचं नवं घरकुल गळायला लागलं. स्लॅब घालून वर्षही झालं नव्हतं. "काम चालू असताना बघितलं नाहीस का गं?" असं आम्ही विचारलं. ती म्हणाली, "मला त्यातलं काय कळतंय? मिस्त्री होता, हे होते." ते उत्तर आमच्या मनाला लागलं. कारण आपल्याच मराठवाड्यात तीस वर्षांपूर्वी बायकांनी घरं तपासायचं काम शिकून घेतलं होतं. आज ती गोष्ट सांगायची आहे.

२९ सप्टेंबर १९९३ला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक झोपले आणि ३० तारखेला पहाटे चारच्या सुमारास किल्लारीची जमीन हादरली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात जवळजवळ ८ हजार माणसं गेली. बहुतेकांचा जीव घेतला तो पडलेल्या घरांनी.

ती घरं कशी होती, हे आपल्या आज्यांना नीट ठाऊक होतं. दगड आणि मातीच्या दोन-अडीच फूट रुंद भिंती, आत लाकडी खण आणि वर मातीचं माळवद. भिंत बाहेरून भक्कम दिसायची, पण ती एकसंध नसायची. आतली आणि बाहेरची अशा दगडांच्या दोन रांगा आणि मधे कपच्या आणि माती. दोन्ही रांगांना बांधून ठेवणारा आरपार दगड क्वचितच असे. हादरा बसला तशा भिंती फुगल्या, फुटल्या आणि माळवद खाली आलं. गळू नये म्हणून दरवर्षी माळवदावर माती चढायची. ती घमेली वाहणाऱ्या आपणच होतो. घर कोरडं ठेवायच्या त्या कष्टाने छपराचं ओझं वाढत होतं, हे आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

भूकंपानंतर जागतिक बँकेचं कर्ज घेऊन सरकारने मोठं पुनर्वसन हाती घेतलं. पार उद्ध्वस्त झालेली ५२ गावं नव्या जागी वसवली. तिथली घरं ठेकेदारांनी आणि मदत करणाऱ्या संस्थांनी बांधली. पण त्याहून किती तरी मोठं काम दुरुस्तीचं होतं. १ हजारावर गावांत मिळून सुमारे २ लाख घरं तडकलेली, पण उभी होती. त्यांच्यासाठी पैसे हप्त्याहप्त्याने घरमालकाला मिळणार आणि काम त्याने स्वतः करून घ्यायचं, असं ठरलं.

इथे खरी अडचण आली. दगडाची सगळ्यांनी धास्ती घेतली होती. दगड फेका, सिमेंटचं घर द्या, असं लोक म्हणत. दोष दगडाचा नसून बांधणीचा आहे, हे त्यांना पटवायचं कुणी? आणि इतक्या गावांत रोज जाऊन काम बघायचं कुणी?

त्या वेळी स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था लोकसहभागासाठी सरकारची सल्लागार झाली. प्रेमा गोपालन यांच्या पुढाकाराने संस्थेने गावोगावच्या महिला मंडळांतून बायका निवडल्या. त्यांना नाव दिलं 'संवाद सहायक'. त्यांतल्या कित्येक जणी तोवर गावसभेत कधी बोलल्या नव्हत्या.

त्या शिकल्या काय? भिंतीत ठराविक अंतरावर आरपार बांध घालायचा. कोपरे बांधून घ्यायचे. दारं-खिडक्यांच्या वर घरभर फिरणारा पट्टा टाकायचा. माळवदावरची जादा माती उतरवायची. लाकडी खांब आणि तुळई यांच्या सांध्याला तिरपे आधार द्यायचे. हप्ता कधी, कशासाठी मिळतो तेही त्यांनी समजून घेतलं आणि घरोघरी सांगितलं. काम चुकत असेल तिथे बोलायला त्या शिकल्या. २००१च्या जानेवारीत कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बायका तिकडच्या बायकांना आपला अनुभव सांगायला गेल्या.

सख्यांनो, या गोष्टीतली एक गोष्ट आम्हाला सलते. त्यांचं नाव 'संवाद सहायक' होतं. पण भिंत बघणं, चूक दाखवणं, माल तपासणं याला बांधकामाच्या धंद्यात तपासणी म्हणतात. इंजिनिअरने केली की ती नोकरी, ठेकेदाराने केली की धंदा. बाईने केली की ती समाजसेवा झाली. आजही बांधकामावर बाई दिसते ती घमेलं घेऊन. थापी आणि ओळंबा गवंड्याच्या हाती असतो आणि त्याच्याइतकी मजुरी तिला मिळत नाही. हे बदलू शकतं. झारखंडमध्ये शौचालयं बांधता बांधता बायका गवंडी झाल्या, त्यांना तिथे 'राणी मिस्त्री' म्हणतात. केरळात कुटुंबश्रीच्या बायकांचे बांधकाम गट घरं बांधतात.

प्रधानमंत्री आवास योजनेत घरकुल बाईच्या किंवा नवराबायकोच्या नावे मंजूर करायचा नियम आहे. काम कुठवर आलं याचे फोटो काढले जातात. फोटोत भिंत दिसते, वाळूतली माती दिसत नाही. ती आपल्यालाच बघावी लागेल. बाटलीत वाळू आणि पाणी घालून हलवा आणि ठेवून द्या, माती वर थर धरून बसते. सिमेंटच्या पोत्यावरची तारीख वाचा, तीन महिन्यांहून जुनं नको. स्लॅबच्या सळईखाली ठोकळे ठेवलेत का, ते वाकून बघा. कालवताना पाणी जास्त ओतू देऊ नका. स्लॅब झाल्यावर निदान दहा दिवस तो ओला ठेवा.

आम्ही आमच्या गटात ठरवलंय की यापुढे कुठल्याही सखीचं घरकुल सुरू झालं की दोघींनी पाया, भिंत आणि स्लॅब या तिन्ही वेळी जायचं, वहीत लिहायचं आणि खाली सही करायची. ज्यांना आवड आहे त्यांची नावं गवंडी प्रशिक्षणासाठी द्यायची. मिस्त्री आधी हसतील, हसू देत. आपल्या घरात आपली लेकरं निजणार आहेत. ती भिंत सरळ आहे की नाही, हे बघायला ओळंबा आपल्याही हाती हवा.