बोल्टच्या डोक्यावरची खूण

मोटारीचा एखादा भाग झिजला म्हणजे मालकापुढे दोन मार्ग उभे राहतात. गाडी बनविणाऱ्या कारखान्याचाच भाग मागवावयाचा, किंवा दुसऱ्या एखाद्या उत्पादकाने बनविलेला, किमतीने पुष्कळ स्वस्त असा भाग बाजारातून घ्यावयाचा. दुसरा मार्ग पत्करणाऱ्यास नावे ठेवण्याचे कारण नाही. असे कित्येक भाग मूळ भागाच्या तोडीचे असतात. काही तर त्याहून सरस निघतात. परंतु त्या खोक्यात मुख्य भागासोबत एक लहानसे पाकीट असते. त्यात चार-सहा बोल्ट, तितकेच नट आणि वॉशर. आजचे हे भाषण त्या पाकिटाविषयी आहे.

अनुभवी मिस्त्री पाकीट फोडतो आणि बोल्टचे डोके उजेडाकडे धरतो. डोके अगदी कोरे दिसले तर तो बोल्ट बाजूला ठेवतो आणि पोराला दुकानात पिटाळतो. गाडीचा मालक जवळ उभा असेल तर त्याला हा उगाच वाढविलेला खर्च वाटतो. कारण नवा बोल्ट आणि बाजूला ठेवलेला बोल्ट दिसावयास सारखेच. मिस्त्रीच्या या सवयीमागे मात्र जवळजवळ पावणेदोनशे वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि त्यात फसवणुकीचे एक मोठे प्रकरणही आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. हेन्री मॉड्स्ली याने १८०० च्या सुमारास आटे पाडण्याचा अचूक लेथ सिद्ध केला खरा. पण एका कारखान्याचा नट दुसऱ्या कारखान्याच्या बोल्टवर बसेल अशी सोय त्यामुळे झाली नव्हती. नट हरवला तर मूळ कारखान्याचे दार ठोठवावे लागे. मॉड्स्लीच्याच हाताखाली शिकलेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये लंडनच्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे एक निबंध सादर केला. त्याची पद्धत मोठी व्यवहारी होती. त्याने देशातील प्रमुख कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, मोजले आणि त्यांची सरासरी काढली. आट्याचा कोन ५५ अंश ठरविला आणि बोल्टच्या प्रत्येक जाडीसाठी इंचास आटे किती, हे बांधून दिले. कोणा एकाचा रिवाज सर्वांवर न लादता सर्वांच्या रिवाजांचा मध्य काढला, म्हणून तो सर्वांनी स्वीकारला.

अमेरिकेने मात्र तो स्वीकारला नाही. फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सने १८६४ मध्ये फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये आपली योजना मांडली. व्हिटवर्थच्या आट्याचा माथा गोलसर. तो पाडावयास तीन प्रकारची कापणी-हत्यारे आणि दोन प्रकारचे लेथ लागतात, माझ्या ६० अंशांच्या सपाट माथ्याच्या आट्यास एक हत्यार आणि एक लेथ पुरतो, असे त्याचे म्हणणे. कुशल कारागिरांची चणचण असलेल्या देशाला ते पटले. युरोप खंडात मेट्रिक आटे रुजले. या तिहेरी फाटाफुटीची किंमत दुसऱ्या महायुद्धात मोजावी लागली. रोल्स-रॉइसचे मर्लिन विमान-इंजिन अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने बनविण्यास घेतले, तेव्हा ब्रिटिश आटे पाडण्याची हत्यारे तेथे मिळेनात. ती कंपनीला स्वतःच घडवावी लागली. अखेर १८ नोव्हेंबर १९४८ रोजी ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी वॉशिंग्टन येथे एकीकृत आट्याच्या करारावर सह्या केल्या.

आपल्याकडे ही सगळी भावंडे एकाच गॅरेजात नांदत होती. जुन्या ब्रिटिश यंत्रांना व्हिटवर्थचे आटे, जीपला अमेरिकन, मॉरिसच्या वंशातील ॲम्बॅसडरला एकीकृत, आणि मूळच्या इटालियन फियाटला मेट्रिक. गोव्यात मुक्तीपूर्वी उतरलेल्या जर्मन गाड्याही मेट्रिकच्याच. आपले जुने मिस्त्री इंचाचे आठ सूत धरून 'अडीच सुताचा बोल्ट दे' असे सांगत. आता, अडीच सूत म्हणजे पाच सोळांश इंच, म्हणजे ७.९४ मिलिमीटर. आठ मिलिमीटरच्या बोल्टशी त्याची जाडी इतकी जुळते की नट पहिले एक-दोन आटे निमूटपणे चढतोही. मग अडतो, आणि घाईतला माणूस पान्याला पाइप लावून तो पुढे रेटतो. आटे तेथेच मोडतात.

परंतु माप जुळले म्हणजे प्रश्न संपला असे नाही. खरा प्रश्न तेथून पुढे सुरू होतो. व्हिटवर्थ आणि सेलर्स यांनी बोल्टचा आकार बांधून दिला. त्याच्या अंगातले बळ कोणी बांधून दिले नव्हते. आकार डोळ्याला दिसतो, गेजने मोजता येतो. पोलाद कोणत्या जातीचे, त्याला पाणी कसे दिले, नंतर किती तापवून त्याचा ठिसूळपणा काढला, हे पाहणाऱ्याला कळण्याचा काही मार्ग नाही. म्हणून विसाव्या शतकात डोक्यावर खूण उमटविण्याची रीत आली. अमेरिकन पद्धतीत तीन रेघा म्हणजे पाचवी श्रेणी, सहा रेघा म्हणजे आठवी, आणि कोरे डोके म्हणजे सामान्य नरम पोलाद. मेट्रिक बोल्टवर आकडे असतात: ४.६, ८.८, १०.९, १२.९. त्यांचा अर्थ फार थोड्यांना ठाऊक असतो, म्हणून सांगतो. ८.८ मधील पहिल्या आठास शंभराने गुणले की बोल्ट तुटण्याचा ताण मिळतो, दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन. दुसरा आठ सांगतो की या ताणाच्या आठ-दशांशापर्यंत, म्हणजे ६४० न्यूटनपर्यंत, बोल्ट कायमचा लांबणार नाही. आकड्यांशेजारी बनविणाऱ्याचे चिन्ह असते. बळ किती आणि त्याबद्दल जबाबदार कोण, ही दोन्ही उत्तरे त्या नखाएवढ्या जागेत असतात.

या आकड्यांचा मोटारीशी संबंध काय, हे समजण्यासाठी बोल्ट काम कसे करतो ते पाहिले पाहिजे. खुंटीला कपडा अडकवावा तसा बोल्टला भाग अडकविलेला असतो, असा आपला सर्वसाधारण समज. वस्तुतः घट्ट आवळलेला बोल्ट ताणलेल्या स्प्रिंगसारखा असतो. तो किंचित लांबतो, मूळ लांबीवर येऊ पाहतो आणि त्या ओढीने दोन्ही भाग एकमेकांवर दाबून धरतो. भार पेलते ते या दाबातून निर्माण होणारे घर्षण. दहा मिलिमीटरचा ८.८ श्रेणीचा बोल्ट सुमारे ३४०० किलोग्रॅमची ओढ निर्धास्त सहन करतो. तेवढ्याच जाडीचा ४.६ श्रेणीचा बोल्ट सुमारे १३०० वरच थांबतो. गाडीच्या पुस्तिकेतील जोर ८.८ साठी सांगितलेला असतो. तो पाकिटातल्या नरम बोल्टला लावला की बोल्ट चिंगमसारखा लांबतो. तुटत नाही, हीच त्यातली खरी गोम. आवळणाऱ्याला पकड आली असे वाटते. पुढे खड्ड्याखड्ड्याला जोड सूतभर सरकतो, बोल्ट मागेपुढे वाकतो, आणि काही हजार किलोमीटरनंतर एके दिवशी तुटतो. तोवर पाकीट कोणाला आठवते?

खूण आली, पण खूण उमटवावयास एक ठसाच लागतो. आणि ठसा कोणालाही करता येतो. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत हेच घडले. आठव्या श्रेणीचा बोल्ट मध्यम कार्बनाच्या मिश्र पोलादाचा असावयास हवा. त्याऐवजी बोरॉनयुक्त कमी कार्बनाच्या स्वस्त पोलादाचे, '८.२' या निराळ्या श्रेणीचे बोल्ट सहा रेघांचा आठवीचा ठसा घेऊन बाजारात उतरले. त्यांतील बरेचसे परदेशांतून आलेले होते. साध्या हवामानात ते ठीक चालत. पण यंत्राजवळच्या उष्णतेत त्यांची ओढ लवकर ढिली पडे. प्रयोगशाळेत नेहमीच्या तापमानाला ओढून पाहिले तर ते उत्तीर्ण होत, हे या फसवणुकीचे विशेष. १९८७ मध्ये तेथील अणुनियामक आयोगाने अणुविद्युत केंद्रांना आपल्या साठ्यातील बोल्ट तपासावयास सांगितले. काँग्रेस सभासद जॉन डिंगेल यांच्या अध्यक्षतेखालील उपसमितीने चौकशी चालविली आणि १९८८ मध्ये अहवाल दिला. 'अमेरिकेची पकड सुटत आहे काय?' अशी कोटी त्याच्या शीर्षकातच होती. ती कोटी करावयाचा मोह आवरला असता तरी चालले असते. अहवालातला मजकूर पुरेसा बोलका होता.

त्यातून १६ नोव्हेंबर १९९० रोजी बोल्टच्या गुणवत्तेचा कायदा झाला. श्रेणीचा ठसा उमटविणाऱ्याने स्वतःचे चिन्ह उमटविले पाहिजे आणि ते सरकारदरबारी नोंदविले पाहिजे, असे त्यात ठरले. प्रयोगशाळांच्या मान्यतेवरून उत्पादक आणि सरकार यांत वर्षानुवर्षे घासाघीस चालली. १९९६, १९९८ आणि १९९९ अशा तीन वेळा दुरुस्त्या झाल्या आणि कायदा पुष्कळ सैल झाला. त्यातील दोन गोष्टी आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. ज्या बोल्टवर श्रेणीची खूण आवश्यक, त्यांच्यापुरताच हा कायदा; कोरा बोल्ट कसला दावाच करीत नाही, म्हणून तो खोटाही ठरत नाही. आणि बदली भाग म्हणून मागविलेले बोल्ट एका पाकिटात ७५ पर्यंत असतील तर तेही कायद्याबाहेर. म्हणजे आगगाडीच्या डब्याएवढा माल घेणाऱ्या कारखान्याला संरक्षण मिळाले. चार बोल्टांचे पाकीट फोडणारा एकटा गाडीमालक जेथे होता तेथेच राहिला.

आपल्याकडे भारतीय मानक संस्थेने, म्हणजे १९८७ पासूनच्या मानक ब्यूरोने, 'आयएस १३६७' या मानकात हेच श्रेणीचे आकडे स्वीकारलेले आहेत, आणि केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये बोल्ट-नटांसाठी गुणवत्ता-नियंत्रणाचा आदेशही काढला. तथापि पाकीट उघडणाऱ्याच्या हाती शेवटी स्वतःचे डोळेच उरतात.

पाकिटातला बोल्ट बदलावयाचा असे ठरले, तरी बदली करणे हेही जोखमीचे काम आहे. ते विमानांच्या दोन अपघातांनी जगाला दाखवून दिले. ८ सप्टेंबर १९८९ रोजी नॉर्वेचे एक कॉन्व्हेअर विमान ऑस्लोहून हॅम्बुर्गला जाताना डेन्मार्कजवळच्या समुद्रात कोसळले आणि त्यातील सर्वच्या सर्व ५५ माणसे दगावली. शेपटीचा उभा पंख धडाला जोडणारे काही बोल्ट आणि त्यांवरील नळ्या मान्यताप्राप्त नव्हत्या, हव्या तितक्या कठीणही नव्हत्या आणि अतोनात झिजल्या होत्या, असे तपासात निष्पन्न झाले. कोणी तरी, केव्हा तरी, दुरुस्ती म्हणून ते बसविले होते. पुढल्याच वर्षी, १० जून १९९० रोजी, बर्मिंगहॅमहून निघालेल्या विमानाची वैमानिकासमोरची काच सतरा हजार फुटांवर उडाली. कप्तान कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याचे पाय घट्ट धरून ठेवले म्हणून तो वाचला. उड्डाणापूर्वी एका रात्रपाळीत ती काच नव्याने बसविली होती. मेकॅनिकने जुना बोल्ट हाती धरून त्याच्याशी नजरेनेच नवे जुळविले. ९० पैकी ८४ बोल्ट जाडीने अर्ध्या मिलिमीटरहून थोडे अधिक कमी भरले. आणि ज्यांच्याशी जुळविले ते जुने बोल्टही मुळात आखूडच, चुकीचेच होते.

तेव्हा नमुना म्हणून पाकिटातला बोल्ट दुकानात नेला तरी त्यावरून केवळ लांबी पाहावी. जाडी, आट्यांतील अंतर आणि श्रेणी ही गाडीच्या पुस्तिकेतून उतरवून न्यावीत. दहा मिलिमीटरचा बोल्ट १.५ आणि १.२५ अशा दोन्ही अंतरांच्या आट्यांचा मिळतो, हे लक्षात असू द्यावे. चकचकीत स्टेनलेस बोल्टला भुलू नये. त्याची नेहमीची जात ७०० न्यूटनांची, म्हणजे ८.८ पेक्षा उणीच. उलट, जितका कठीण तितका बरा असेही नाही. १२.९ च्या बोल्टवर विजेने जस्ताचा मुलामा चढविताना पोलादात हायड्रोजन शिरतो; तो नीट घालविला नसेल तर आवळल्यावर काही तासांनी, गाडी जागच्या जागी उभी असताना, बोल्टचे डोके आपोआप उडू शकते. नटही बोल्टच्या श्रेणीचा हवा, ८.८ ला आठाचा. आणि आवळताना टॉर्क रेंच वापरावा, कारण पान्यावर लावलेल्या जोरातील नव्वद टक्क्यांच्या आसपास जोर घर्षणातच जातो. कोरड्या आणि तेलकट आट्यांत एकाच जोराने मिळणारी ओढ फार निराळी असते.

एवढे करून झाल्यावर पाकिटातले कोरे बोल्ट उरतात. गॅरेजात नट-बोल्टांचा एक जुना डबा असतो, आणि हात सवयीने तिकडे जातो. त्या डब्यात ते टाकू नयेत. घराच्या फाटकाला, पाण्याच्या टाकीच्या चौकटीला ते खुशाल लावावेत, नाही तर भंगारात द्यावेत. डब्यात पडलेला बोल्ट सहा महिन्यांनी, रात्री उशिरा, दुकाने मिटल्यावर कोणाच्या तरी हाती लागतो, आणि माप जुळते.