जुन्या संगणकाचं दुसरं आयुष्य

चतुर्थी जवळ आली की घरोघरी साफसफाई निघते आणि माळ्यावरचा जुना संगणक भंगारवाल्याच्या टेंपोत चढतो. तो निकामी झाला असं आपण धरूनच चालतो. संगणकाचा इतिहास मात्र वेगळं सांगतो.

१९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपल्या घरच्या ३८६ संगणकावर लिनक्स लिहायला घेतलं. ते कुणालाही फुकट घेता येत होतं. १९९५ साली अपाची हा वेब सर्व्हरही तसाच मोफत आला. सर्व्हर म्हणजे दुसऱ्या संगणकांनी मागितलेलं पुरवणारा सेवक. त्याला ना झगमगता पडदा लागतो, ना खेळ चालवण्याची ताकद. त्यामुळे टेबलावरून उतरवलेला संगणक कोपऱ्यात बसून हे काम करू लागला.

याचं सर्वांत गमतीदार उदाहरण अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेतलं. विल्यम हारग्रोव्ह आणि फॉरेस्ट हॉफमन यांना देशाचा पर्यावरणीय नकाशा करायचा होता. त्यासाठी १९९६ साली त्यांनी ६४ नवे संगणक मागितले. मागणी फेटाळली गेली. मग त्यांनी टाकाऊ संगणक गोळा करून जोडले आणि लोककथेतल्या 'दगडाच्या सूप'वरून त्या संचाला नाव दिलं. त्या कथेत वाटसरू पातेल्यात नुसता दगड उकळत ठेवतो आणि गावकरी एकेक जिन्नस घालत जातात. आपल्या देवळातल्या समाराधनेला कुणी नारळ देतो, कुणी तांदूळ, तसंच हे. २००१ पर्यंत त्या संचात १३३ संगणक झाले. त्यांतले ७५ तर जुने ४८६ होते! कामाचे बारीक तुकडे करायचे, वेगवान यंत्राने जास्त उचलायचे, मंद यंत्राने झेपतील तेवढे, ही त्यामागची युक्ती.

गोव्यालाही हा विचार परका नाही. २००० च्या आसपास 'गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट'ने परदेशात वापरून झालेले संगणक इथल्या शाळांसाठी आणले, आणि त्या उपक्रमात लिनक्सचाही वापर झाला.

आज हा प्रश्न पुन्हा दारात उभा आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ च्या अटींत न बसणारे कितीतरी धडधाकट संगणक त्यामुळे अडगळीत जातील. त्यांतले बरेच लिनक्सवर चालू शकतात. घरातले फोटो, आजीच्या ओव्यांचं ध्वनिमुद्रण, गावच्या नाटकाची चित्रफीत असं सारं त्यावर ठेवलं तर घरातल्या कुठल्याही फोनवरून पाहता येतं.

मात्र हिशेब आधी करावा. ६० वॅट खाणारा संगणक अखंड चालला तर महिन्याला सुमारे ४३ युनिट वीज जाते. १५ वॅटचा लॅपटॉप ११ युनिटांत भागवतो. बॅटरी फुगलेली असेल तर तो वापरू नये. जुन्या डिस्कवर भिस्त ठेवू नये, नवी बसवावी आणि दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी. नीट माहिती असल्याशिवाय तो बाहेरच्या इंटरनेटला उघडा करू नये.

यंत्र म्हातारं झालं की नाही, हे त्याच्या वयावरून ठरत नाही. आपण त्याला कुठलं काम सांगतो, त्यावर ते ठरतं. आणि घराच्या आठवणी सांभाळणं हे काही हलकं काम नव्हे.