मिलोची भाकरी

आमच्या सासूबाई कोणाच्या ताटात भाकरीचा तुकडा राहू देत नाहीत. लग्न होऊन आले तेव्हा मला तो चिक्कूपणा वाटे. पुढे त्यांनी १९७२ च्या दुष्काळाची हकीकत सांगितली आणि कारण उमगले.

त्या साली महाराष्ट्रात पावसाने पाठ फिरवली. आधीची दोन वर्षेही बेताचीच गेली होती, त्यामुळे कणग्या रिकाम्या होत्या. सरकारने रस्ते, नालाबांध, पाझर तलाव यांची कामे काढली. १९७३ च्या उन्हाळ्यात त्यांवर सुमारे ५० लाख माणसे राबत होती. त्यांत बायका पुष्कळ. सासूबाई तेव्हा चौदा वर्षांच्या होत्या. आईबरोबर त्या खडी फोडायला जात. कामावर सुकडी मिळे, आणि रेशनवर अमेरिकेहून आलेला तांबडा मिलो. "भाकरी थापताना तुटायची, पण पोटाला आधार व्हायचा," असे त्या सांगतात. या अनुभवातूनच पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला.

त्या वेळी आपल्याकडे पिकले नाही, तरी दुसरीकडे पिकले होते, म्हणून आपण तरलो. पण आता तेवढ्यावर विसंबून भागणार नाही. हवा तापली की ती अधिक बाष्प धरते. मग पाऊस थोड्या दिवसांत धो धो कोसळतो आणि मध्ये लांब उघाड पडते. २०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्याच्या आदल्याच वर्षी, २०२२ मध्ये, युद्धामुळे युक्रेनचा गहू अडला. जगाची नजर आपल्या गव्हाकडे लागली. परंतु मार्चच्या उन्हाने पंजाब-हरियाणात दाणा बारीक पडला, आणि १३ मे रोजी सरकारने गव्हाची निर्यात बंद केली. एके काळी आपण परदेशच्या धान्याची वाट पाहिली. त्या साली आपल्या धान्याची वाट पाहणाऱ्या बाया दूर कुठे तरी असतीलच.

भगिनींनो, ज्वारी-बाजरी कमी पाण्यावर येते व उन्हात तग धरते. पण आपल्या घरांत रोज पोळीच लागली, तर शेतकऱ्याने ती कोणासाठी पेरावी? भोगीला आपण बाजरीची भाकरी करतोच. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लास्टिकच्या डब्यांऐवजी अर्धा अर्धा किलो बाजरीच वाण म्हणून लुटावी, असे मला वाटते. मंडळाने विचार करावा.